थंडीत डिझेल इंजिन धरेना? ट्रॅक्टर, पंप, जीप, पिकअपवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या तासगाव भागात पहाटेची फवारणी सुरू होते, द्राक्षबागेवर दव पडलेलं असतं, डाऊनी रोगाची भीती असते, उशीर करून चालत नाही आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर घुर्र घुर्र करतो पण धरत नाही. मग घाईत माणूस काहीही करतो. दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. मी शेतकरी आहे, मेकॅनिक नाही, पण पंचवीस वर्षं डिझेल इंजिन हाताळतोय आणि घाईनं माणसांचं काय होतं ते जवळून बघितलंय.

आपल्याकडं एवढी काय थंडी पडते? इंजिनला एवढ्यानं काय होणार?

सांगली-साताऱ्याला पहाटे दहा-बारा अंश, कडाका असला की त्याच्याही खाली. बर्फ पडत नाही हे खरं, पण डिझेल इंजिनला एवढा फरक पुरतो. पेट्रोलला ठिणगी असते, डिझेलला नसते. सिलिंडरमधली हवा 16 ते 20 पट दाबली की ती एवढी तापते की नोजलनं फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं, सगळा खेळ त्या उष्णतेचा आहे. आता आत ओढलेली हवाच 30 ऐवजी 10 अंशाची असली तर दाबल्यावर ती साधारण 50 अंशानं कमी तापते. वरून लोखंड गार, तेही उष्णता ओढून घेतं. ऑइल घट्ट झालेलं असतं म्हणून इंजिन हळू फिरतं, हळू फिरलं की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ मिळतो आणि उष्णता अजून कमी होते. त्यात बॅटरी पण गार पडून कमी ताकद देते. एकट्या एकट्यानं यातलं काही मोठं नाही, सगळं एकदम येतं म्हणून अडतं.

नवीन, चांगल्या कॉम्प्रेशनचं (म्हणजे हवा नीट दाबणारं) इंजिन आपल्या थंडीत पहिल्या दुसऱ्या सेल्फला धरलंच पाहिजे. नाही धरलं तर थंडीनं फक्त दुखणं उघडं पाडलं, दुखणं आधीपासूनच होतं.

डिझेल गोठलंय का? टाकीखाली शेकोटी करू का?

नाही, आणि शेकोटी तर मुळीच नाही.

डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो, खूप गार झालं की तो कणाकणानं वेगळा होतो आणि फिल्टर तुंबतो. आपल्या देशात हिवाळ्यात मिळणारं डिझेल साधारण 6 अंशापर्यंत फिल्टरमधून नीट जावं असा नियमच आहे. सांगली, कराड, वाई, कोरेगाव इथं टाकीतलं डिझेल एवढं गार सहसा होत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलाव, लिंगमळ्याच्या बाजूला पहाटे गवतावर, गाड्यांच्या टपावर हिमकण दिसतात, पण ते उघड्या आकाशाखाली वरचा पातळ थर गार पडल्यामुळं, टाकीतलं 40-50 लिटर डिझेल तेवढ्यात तेवढं गार होत नाही. तिकडच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी उघड्यावर उभ्या गाडीवर ताडपत्री टाकली तरी बराच फरक पडतो.

खरं गोठण्याचं दुखणं लडाख, स्पितीकडं. तिथल्यासाठी 2019 मध्ये इंडियन ऑइलनं उणे 33 अंशापर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्यातली पोरं पिकअप, जीप घेऊन तिकडं फिरायला जातात त्यांनी एवढं लक्षात ठेवा, इथलं डिझेल टाकीत भरून वर चढू नका, जाता जाता संपवत जा आणि तिथलं भरा.

शेकोटीचं मात्र ऐका. ऑइल गरम व्हावं म्हणून इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरखाली पाचट पेटवायचं, बोळा पेटवायचा हे आपल्याकडं जुन्या लोकांनी केलेलं आहे म्हणून चालतंय असं वाटतं. इंजिनखाली ऑइलचा चिकटा असतो, डिझेलची गळती असते, वायरी असतात, आणि उसाच्या फडाजवळ वाळलेलं पाचट पसरलेलं असतं. एक ठिणगी आणि ट्रॅक्टरबरोबर फड पण.

मग बरोबर पद्धत काय?

आधी खाली उतरूनच एक फेरी मारा. डिपस्टिक बघा, रेडिएटरचं पाणी बघा, खाली गळती आहे का, कुत्रं किंवा लहान पोर चाकाजवळ नाही ना. पहाटे अंधारात कुत्री गरम जागा बघून गाडीखाली झोपतात.

मग सीटवर बसा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हायड्रॉलिक खाली. क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रलला असला तरी दाबा, कारण क्लच दाबला नाही तर गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल पण बॅटरीलाच ढवळावं लागतं. लाइट, टेप सगळं बंद.

सुरू करायच्या आधी आतली हवा तापवणारा हीटर असेल तर चावी अर्धी फिरवून दिवा विझेपर्यंत थांबा. मग ॲक्सिलेटर कंपनीनं पुस्तकात सांगितलाय तेवढाच, जुन्या ट्रॅक्टरला साधारण अर्धा आणि नवीन इलेक्ट्रॉनिक इंजिनला अजिबात नाही, आणि सेल्फ मारा. 10 ते 15 सेकंद, बास. धरलं नाही तर निदान एक मिनिट थांबा. हे एक मिनिट कोणीच थांबत नाही हो. सलग मारत राहिलं की सेल्फची वाइंडिंग तापून जळते, बॅटरी खाली बसते, आणि थांबल्यावर बॅटरी थोडी सावरते ते पण होत नाही. चार-पाच वेळा झालं आणि धरत नाही म्हणजे आता सेल्फ मारायचं काम संपलं, कारण शोधायचं काम सुरू झालं.

हीटर प्लग माझ्या ट्रॅक्टरला आहेत का ते कसं कळणार?

बऱ्याचशा ट्रॅक्टरमध्ये डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, असल्या इंजिनला आपल्या हवामानात हीटरची गरज पडत नाही म्हणून बसवलेलेच नसतात. काहींना हवा आत नेणाऱ्या पाइपात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये एक हीटर असतो. जुन्या जीपा आणि बागेत चालणारे काही लहान ट्रॅक्टर यांच्यात डिझेल बाजूच्या छोट्या खोलीत फवारलं जातं, तिथं उष्णता लवकर निसटते म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक प्लग असतो आणि तो लाल होईपर्यंत थांबावंच लागतं. डॅशबोर्डवर गुंडाळलेल्या तारेचं चिन्ह दिसलं म्हणजे हीटर आहे. प्लग गेलाय का हे बघायला मल्टिमीटर लागतो, वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यात मोजायचं, चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आसपास किंवा कमीच दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. चार प्लगमधले दोन गेलेले असले तरी दुपारी गाडी धरते आणि पहाटे धरत नाही, म्हणून वर्षभर कळत पण नाही.

सीटवर न बसता खालूनच शॉर्ट मारून चालू केलं तर? बरेच जण करतात.

या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसलो असं समजा.

सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर नाहीतर पाना टेकवला की सेल्फ फिरतो. चावी बिघडलेली असते, क्लचजवळचा सेफ्टी स्विच गेलेला असतो, दुरुस्तीला दोनचारशे रुपये लागतात आणि माणूस महिनोन्‌महिने पान्यावर काढतो. आता विचार करा तुम्ही कुठं उभे असता? पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होतो तोच चालायला लागतो, आणि मागचं मोठं चाक तुमच्या अंगावर येतं. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, कारण डिझेल ट्रॅक्टर गिअरमध्ये बंद पडत नाही, तो ढकलत राहतो. न्यूट्रल आहे हे तुम्हाला रात्रीचं आठवत असतं, तेवढ्यात घरातलं कोणीतरी गिअरचा दांडा हलवून गेलेलं असतं.

आमच्या शेजारच्या वस्तीवर असाच पहाटे ट्रॅक्टर सुटला आणि गोठ्याची भिंत पाडून थांबला. चालू करणारे तात्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला उभे होते म्हणून वाचले, मांडीला मार बसला, दोन महिने अंथरुणावर. मी तिथं पाच मिनिटात पोचलो होतो, ते चित्र अजून डोळ्यापुढून जात नाही. त्या दिवशी घरी येऊन आमच्या ट्रॅक्टरचा स्विच बदलला. तुमचा पण पान्यावर चालू असेल तर आजच बदला, पुढच्या बाजारादिवशी नाही. सेफ्टी स्विचला डायरेक्ट वायर जोडून दिलेली असेल तर ती पण काढा, ती पण हीच गोष्ट आहे.

हवेच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रे मारून नाहीतर तिथं पेट्रोलचा बोळा धरून सुरू करतात ते?

स्प्रेमध्ये ईथर असतं, ते 160 अंशाच्या आसपासच पेट घेतं. म्हणून गार इंजिन पण टकदिशी धरतं आणि लोकांना जादू वाटते. पण पेटायची वेळ नोजल ठरवतं, ती वेळ ईथर पाळत नाही, पिस्टन अजून वर येत असतानाच भडका उडतो. रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा फुटतात, रॉड वाकतो. आणि हीटर असलेल्या इंजिनमध्ये मारला तर लाल झालेल्या हीटरवर मॅनिफोल्डमध्येच भडका, तोंडावर. हीटरवाल्या इंजिनला स्प्रे कधीच नाही, यात दुसरं मत नाही.

मी एका गॅरेजात हे बघितलंय, आमच्याच ट्रॅक्टरला तिथल्या माणसानं न विचारता स्प्रे मारला, तीन-चार दिवस रोज मारला आणि मग इंजिन उघडावं लागलं, एका पिस्टनची वरची रिंग दोन तुकडे. आणखी एक, स्प्रेची सवय लागलेल्या इंजिनचं मूळ दुखणं, म्हणजे कमी कॉम्प्रेशन किंवा गेलेलं नोजल, तसंच राहतं आणि वाढत जातं.

पेट्रोलचा बोळा त्याहून वाईट. डिझेलची वाफ आपल्या थंडीत सहजासहजी पेटत नाही, पेट्रोलची वाफ कितीही थंडीत पेटते, आणि तो बोळा तुमच्या हातात असतो.

बॅटरी चांगली आहे, हॉर्न वाजतोय, तरी सेल्फ ओढत नाही.

हॉर्नला दोनचार अँपिअर लागतात, सेल्फला शेकड्यानं. म्हणून हॉर्नवरून बॅटरी ओळखायची नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरनं 12.6 व्होल्ट दाखवते ती भरलेली, 12.4 ला पाऊण, 12 ला आली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर पहाटेचा भरवसा धरू नका.

पण बॅटरी विकत घ्यायच्या आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी आलेली असते, क्लॅम्प ढिला असतो, आणि इंजिनची अर्थ वायर चेसिसला जिथं बोल्ट केलीय तिथं गंज असतो. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कानस मारा, घट्ट करा, वरून ग्रीस लावा. निम्म्या बॅटऱ्या मरायच्या आधीच बदलल्या जातात असं मला तरी वाटतं. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाही.

दुसऱ्या गाडीवरून वायर लावून सुरू करायचं तर क्रम काय?

दोन्ही 12 व्होल्टच्या आहेत ना ते बघा, ट्रक 24 चा असतो. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला नाही तर तिच्यापासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या टोकाला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीवर हायड्रोजन वायू साठलेला असतो, तो फुटला तर ॲसिड डोळ्यात जातं. तोंडात बिडी ठेवून वाकायचं नाही. काढताना उलट्या क्रमानं.

सेल्फ जोरात फिरतो पण धरत नाही, धूर पण येत नाही.

धूर येत नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. बहुतेक एअर घेतलीय, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलीय. टाकी पार संपेपर्यंत चालवली असेल, फिल्टर बदलल्यावर एअर नीट काढली नसेल, नाहीतर पाइपचा वॉशर कडक झालाय. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला करा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की घट्ट करा, मग डिझेल पंपावरचा. बंद करायचा स्टॉपर ओढलेलाच राहिला नाही ना ते पण बघा, हे सगळ्यात आधी बघायचं खरं तर.

कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल) असलेल्या नवीन गाडीत मात्र प्रेशर पाइपचं नट ढिलं करून एअर काढायची जुनी पद्धत चालत नाही. तिथं हजार बारच्या वर दाब असतो. जुन्या नोजलचा पण 200 बारच्या आसपास असतोच. गळती कुठं आहे ते बोट लावून कधी बघू नका, तो फवारा कातडी भेदून आत जातो, वरून सुईच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना.

पांढरा धूर येतोय पण धरत नाही?

हे चांगलं लक्षण. डिझेल पोचतंय, पेटत नाही. हीटर, सेल्फ फिरण्याचा वेग, नोजल, कॉम्प्रेशन याच क्रमानं बघा. सुरू झाल्यावर मिनिटभरात पांढरा धूर गेला तर काळजी नाही. निळा टिकून राहिला तर ऑइल जळतंय, काळा असेल तर एअर क्लीनर साफ करा. पांढरा धूर गरम झाल्यावर पण येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर गॅस्केट बघून घ्या.

हँडलचं इंजिन आहे, विहिरीवरचं. थंडीत हँडल उलटं मारतंय.

आपल्या सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी, 1910 ला वसलेली, आणि 5 एचपीचं एका सिलिंडरचं इंजिन आपल्याकडं पिढ्यांनी वापरलंय. आता मोटारी आल्या पण लाइटच्या वेळापत्रकामुळं बरीच इंजिनं अजून आहेत.

हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळू नका. उलटं मारलं तर हँडल हातातून निसटतं, मूठ वळलेली असेल तर मनगट जातं. डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका उचला, आधी पाचपंचवीस फेरे हळू फिरवून ऑइल वर येऊ द्या, मग वेग घ्या, फ्लायव्हील जोरात आलं की खटका सोडा. हँडल सरकून बाहेर यायला हवं, म्हणून शाफ्ट साफ करून ग्रीस लावून ठेवा. हँडल अडकून शाफ्टबरोबर फिरायला लागलं तर पकडायला जाऊ नका, लांब व्हा आणि दुसऱ्या अंगानं जाऊन डिझेल बंद करा.

थंडीत अंगावर मफलर, शाल, घोंगडं असतं. इंजिनजवळ जाताना ते काढून झाडाला अडकवा. बायकांनी पदर खोचून घ्या. पट्ट्यात कापड गेलं की माणूस ओढायला अर्धा सेकंद लागतो.

इंजिन विहिरीत खाली बसवलंय, थंडीचा धूर खालीच राहतो, काय करू?

धूर खाली राहतो ही साधी तक्रार नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. सायलेन्सरचा पाइप विहिरीच्या काठाच्या वर काढा, जोड घट्ट पाहिजेत. इंजिन चालू असताना किंवा नुकतं बंद केल्यावर खाली उतरू नका. खाली कोणी पडलेला दिसला तर त्याच्या मागं उडी टाकू नका, असल्या घटनांत वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसरा माणूसच जातो. माणसं बोलवा, 112 ला फोन करा, दोर लावल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. पत्र्याच्या बंद शेडमध्ये ट्रॅक्टर गरम करत ठेवायचा, तिथं पण हेच.

सुरू झाल्यावर किती वेळ गरम करायचं?

ऑइलचा दिवा काही सेकंदात विझला पाहिजे, नाही विझला तर बंद करा. मग दोनतीन मिनिटं हळू चालू द्या आणि कमी लोडवर कामाला लावा. अर्धा-अर्धा तास चालू ठेवून चहाला जायची पद्धत चुकीची, डिझेल इंजिन नुसतं उभं राहून गरम होत नाही, उलट कच्चं डिझेल सिलिंडर धुऊन ऑइलमध्ये उतरतं. आणि धरल्या धरल्या रेस मारणं त्याहून वाईट, टर्बोपर्यंत (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत) ऑइल पोचलेलं नसतं.

ब्लॉकवर उकळतं पाणी ओतलं तर?

नको. गार लोखंडाला तडा जातो. डिझेल पंपावर ओतलं तर आतला प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) अडकतो. रेडिएटरमध्ये नुसतं विहिरीचं पाणी घालण्याऐवजी कूलंट घाला, पाणी गोठू नये म्हणून नाही, लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पाण्याचा पंप गंजू नये म्हणून.

रॉकेल मिसळलं तर लवकर धरतं म्हणतात?

आपल्या थंडीत त्याची गरजच नाही. रॉकेलला वंगण कमी, पंप आणि नोजल झिजतात.

सुरू झालं आणि रेस आपोआप वाढत चाललीय, चावी काढली तरी बंद होत नाही!

इंजिन ऑइल पिऊन पळतंय. ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये (ऑइलमधून हवा गाळणाऱ्या) खुणेच्या वर ऑइल भरलं किंवा टर्बोचा सील गेला की असं होतं. डिझेल बंद करून उपयोग नाही, हवा बंद करावी लागते. हवेच्या तोंडावर सपाट जाड फळी दाबा, हात किंवा कापड नाही, ते आत ओढलं जातं. फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहू नका. जमत नसेल तर लोकांना घेऊन लांब पळा, इंजिन गेलं तर जाऊ दे.

आदल्या संध्याकाळी काय करून ठेवू म्हणजे पहाटे त्रास नको?

टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं आणि पाणी तळाला जातं. आठवड्यातनं एकदा फिल्टरखालचा नट सोडून पाणी काढा. ऑइल कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं, उगाच जाड भरू नका, 15डब्ल्यू-40 जिथं सांगितलंय तिथं 20डब्ल्यू-50 भरून पहाटे बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिनवर जुनं पोतं टाका, पण सुरू करायच्या आधी काढायची आठवण म्हणून चावीला त्याच पोत्याची सुतळी बांधून ठेवा, आम्ही तसंच करतो. उतारावर लावायची वेळ आली तर चाकाला दगड लावा, आणि फवारणीचा ब्लोअर जोडलेला असेल तर पीटीओचा दांडा बंद करूनच घरात जा.